गेम बॉय कलरवरचा मारिओ: कुठे जमलाय, कुठे अडतो

कळव्याहून एका ताईंनी विचारलंय: "भावाने जुना गेम बॉय कलर आणून दिला, सोबत 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स'ची कॅसेट. लहानपणी टीव्ही गेमवर मी आठव्या वर्ल्डपर्यंत जायचे. इथे तिसऱ्या वर्ल्डमध्येच सगळ्या लाईफ संपतात. माझा हात गेलाय की गेमच कठीण केलाय? माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, फोन सोडून कशावरच खेळलेला नाही. त्याला यावर सुरुवात करून देऊ, की गेम बॉय ॲडव्हान्सवरचा मारिओ शोधू?"

ताई, मी ऐरोलीत गेम पोर्टिंगचं काम करतो. एका मशीनसाठी बनवलेला गेम दुसऱ्या मशीनवर, बहुतेक वेळा लहान पडद्यावर, नीट चालता करायचा हे आमचं रोजचं काम. त्यामुळे हा गेम मी खेळणाऱ्याच्या आणि बनवणाऱ्याच्या, दोन्ही नजरांनी पाहतो. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर लगेच देतो: तुमचा हात गेलेला नाही. मारिओ तसाच पळतो, तशीच उडी मारतो. तुम्हाला दिसतंय मात्र निम्म्याहून कमी.

हिशोब बघा. १९८५ चा मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स' ज्या मशीनवर आला त्याचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं. गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४. मारिओचं जग १६ पिक्सेलच्या चौकोनी ठोकळ्यांचं आहे: विटा, प्रश्नचिन्हाच्या पेट्या, जमीन, सगळं त्याच मापात. म्हणजे टीव्हीवर आडवे १६ आणि उभे १५ ठोकळे दिसायचे, तुमच्या हातातल्या पडद्यावर आडवे १० आणि उभे ९. क्षेत्रफळ काढलं तर मूळ चित्राच्या ३७.५ टक्के. बाकीचं जग आहे तिथेच आहे, पण पडद्याच्या बाहेर.

आता हे प्रत्यक्ष स्टेजमध्ये काय करतं ते १-१ वर, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या स्टेजवर बघा, कारण ती स्टेज तुम्हाला पाठ असणार. सुरुवातीलाच विटांची रांग आहे आणि तिच्या वर, आणखी उंचावर, एकटी प्रश्नचिन्हाची पेटी. त्या वरच्या पेटीपासून जमिनीच्या वरच्या थरापर्यंत मोजलं तर बरोबर ९ ठोकळे होतात. म्हणजे पेटी आणि जमीन एकत्र दाखवली की पडदा संपला. मारिओ त्या पेटीवर चढून उभा राहिला तर तो आणि जमीन एकाच वेळी दिसणं शक्यच नाही. स्टेजच्या शेवटी झेंड्याआधीची आठ पायऱ्यांची चढण आठवते? तिच्या टोकावर उभं राहिलं तरी हीच गत. टीव्हीवर आपण तिथून झेंड्याच्या खांबाचं टोक बघून, अंदाज घेऊन ५००० पॉइंटची उडी मारायचो. इथे खांब पडद्याच्या कडेला किंवा कडेपलीकडे असतो. उडी आठवणीवर मारावी लागते.

आडव्या बाजूचं नुकसान वेळेत मोजता येतं. मारिओ पूर्ण वेगात एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, अडीच पिक्सेल सरकतो, सेकंदाला साधारण साठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दीडशे पिक्सेल. तो पडद्याच्या मधोमध आहे असं धरलं तर टीव्हीवर त्याच्या पुढे १२८ पिक्सेल मोकळे असायचे. समोरून खड्डा आला तर विचार करायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ. गेम बॉयवर ८० पिक्सेल, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. बटण दाबून पळत राहण्याची आपली जी सवय आहे, ती इथे महाग पडते.

आणि आता तुमची तिसरी वर्ल्ड. तुम्ही कुठे मरता ते लिहिलेलं नाही, पण ३-१ मधले हातोडे फेकणारे दोघे असणार असा माझा अंदाज आहे. गेममध्ये ते पहिल्यांदा तिथेच भेटतात. ते विटांच्या दोन रांगांवर वर-खाली उड्या मारत हातोडे फेकतात. वरच्या रांगेवर उभा असलेला हातोडेवाला आणि खाली जमिनीवरचा मारिओ, दोघांना एकाच चौकटीत बसवायला नऊपेक्षा जास्त ठोकळ्यांची उंची लागते. तेवढी इथे नाही. त्यामुळे फेकणारा दिसत नाही आणि हातोडा तेवढा वरून येतो. टीव्हीवर त्याचा हात वर गेला की आपण मागे सरकायचो, तो इशाराच इथे कापला गेलाय.

यावर गेममध्येच एक सोय आहे, बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. मारिओ उभा असताना वर किंवा खालचं बटण दाबून धरलं की पडदा त्या बाजूला सरकतो. हातोडेवाल्यांच्या अलीकडे थांबा, वर दाबून बघून घ्या, दोघे कुठल्या रांगेत आहेत ते ठरवा आणि मग निघा. उंचावरून खाली उतरण्याआधीही खाली बघून घ्यायची सवय लावा. सोय चांगली आहे, पण ती थांबलेल्या मारिओसाठी आहे. २-३ आणि ७-३ मध्ये पुलावरून पळताना खालून मासे उडतात, तिथे थांबून बघायला फुरसत मिळत नाही. किल्ल्यांमध्येही तेच. ५-४ मधला आगीचा लांब दांडा घ्या. बारा गोळ्यांचा, प्रत्येक गोळा आठ पिक्सेलचा, म्हणजे मधल्या खुंटीपासून टोकापर्यंत ९६ पिक्सेल. पूर्ण फेऱ्याची रुंदी १९२ पिक्सेल, आणि पडदा रुंदीला १६०, उंचीला १४४. दांड्याचं टोक पडद्याबाहेर जाऊन फिरून परत येतं, आणि ते कधी येणार हे मोजत बसावं लागतं. मूळ गेममध्ये ही जागा कठीण होती पण सगळं समोर दिसायचं. डिलक्सवरची माझी सगळ्यात मोठी तक्रार अशा जागांबद्दल आहे.

मग बनवणाऱ्यांनी सगळं चित्र लहान का केलं नाही? हा प्रश्न मला नवीन मुलंही विचारतात. गेम बॉय कलरच्या हार्डवेअरला चित्र आपोआप लहान-मोठं करता येत नाही. सगळं ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइलमधून रचलेलं असतं. २५६ ची रुंदी १६० मध्ये बसवायची तर १६ पिक्सेलचा मारिओ १० पिक्सेलचा करावा लागेल. दहा पिक्सेलमध्ये टोपी, मिशी, नाक काही ओळखू येत नाही, शिवाय दहाचं माप आठच्या टाइलमध्ये बसतही नाही. पण याहून मोठी अडचण उडीची आहे. मारिओचा वेग, हवेतलं वळण, बटण सोडल्यावर उडी किती आखूड होते, हे सगळे आकडे पिक्सेलच्याही अंशांत ठरवलेले आहेत. जग लहान केलं की एका फ्रेमला अडीच पिक्सेलचे साधारण दीड पिक्सेल होतात आणि प्रत्येक आकडा नव्याने बसवावा लागतो. असं केल्यावर उडी 'जवळपास तशीच' वाटते, आणि मारिओसारख्या गेममध्ये जवळपास तशीच उडी म्हणजे वेगळाच गेम. उभ्याने साधारण चार ठोकळे, पळत येऊन पाच, हे माप तुमच्या अंगठ्यात इतकी वर्षं बसलेलं आहे. डिलक्समध्ये ते शाबूत आहे. पडदा कापायचा की उडी बिघडवायची, यात त्यांनी पडदा कापला. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

त्यांना एक गोष्ट अनुकूल होती: दोन्ही मशीन आठ बिटची, दोन्ही टाइलवर चालणारी, आणि दोन्हींचा फ्रेमचा वेग सेकंदाला साठच्या आसपास. जुन्या मशीनवर एका ओळीत आठ हलती चित्रं मावायची, गेम बॉयवर दहा मावतात. रंगांत तर गेम बॉय कलर पुढेच आहे, पार्श्वभूमीच्या चित्रांसाठी चारऐवजी आठ रंगसंच. म्हणून हा गेम मूळपेक्षा कुठेही हळू झालेला नाही.

आवाजाचंही तसंच. कोजी कोंडो यांचं संगीत मूळ मशीनवर दोन चौकोनी लहरी, खर्जासाठी एक त्रिकोणी लहर आणि ठेक्यासाठी खरखर, अशा चार वाटांवर वाजायचं. गेम बॉयमध्ये दोन चौकोनी लहरी आणि खरखर आहेच, आणि चौथी वाट हवी ती लहर भरून घेता येईल अशी मोकळी आहे, तिच्यावर खर्ज बसतो. मशीनच्या छोट्या स्पीकरमधून तो खर्ज दबतो. हेडफोन लावून पाण्याखालची स्टेज ऐका, फरक लगेच कळेल.

इथपर्यंत फक्त तोटा कसा कमी केला ते सांगितलं. पण मला हा पोर्ट आवडतो तो त्यांनी वर जे दिलं त्यासाठी. १९९९ चा हा गेम, आणि यात सेव्ह आहे. टीव्ही गेमवर आपल्याला एका बैठकीत आठ वर्ल्ड मारायला लागायच्या. मूळ गेममध्ये सगळ्या लाईफ संपल्यावर 'ए' बटण दाबून धरून स्टार्ट दाबलं की त्याच वर्ल्डपासून पुन्हा सुरू व्हायचं, पण आमच्या गल्लीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आई जेवायला बोलवायची आणि मशीन बंद. डिलक्समध्ये सेव्ह करण्यासाठी तीन जागा आहेत, तुमची एक, मुलाची एक, एक शिल्लक. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जाताना ऐरोलीपर्यंत एक स्टेज, कोपरखैरणेपर्यंत दुसरी, आणि उतरताना सेव्ह. हातात धरायच्या मशीनवर गेम तुकड्यातुकड्यांत खेळला जातो हे त्यांनी नीट ओळखलं होतं.

दुसरी आणि मोठी भर म्हणजे चॅलेंज मोड. त्याच ३२ स्टेज, पण प्रत्येकीत पाच लाल नाणी लपवलेली, योशी या डायनासोरचं एक अंडं कुठेतरी अदृश्य ठोकळ्यात, आणि गाठायचा एक ठरावीक स्कोअर. म्हणजे नुसती लाल नाणीच १६०. इथे पडद्याचा छोटेपणा अचानक कामाला येतो. ज्या स्टेज आपण डोळे मिटून पळत पार करायचो, त्यात आता थांबून, वर-खाली बघत, प्रत्येक कोपरा तपासावा लागतो, आणि कडेपलीकडे काय आहे याची उत्सुकता राहते. मूळ मोडमध्ये कापलेला पडदा आडवा येतो, चॅलेंज मोडमध्ये तो शोधाचा भाग होतो. माझ्या मते हा पोर्ट खऱ्या अर्थाने इथे उभा राहतो, आणि तो मूळ गेम पाठ असलेल्या माणसासाठीच बनवल्यासारखा आहे. ताई, तुमच्यासाठी.

तिसरी भर म्हणजे भुताशी शर्यत. एक लाख पॉइंट झाले की ती उघडते. बू नावाचं भूत तुमच्याबरोबर स्टेज पळतं, विटांच्या आरपार जातं, आणि तुम्ही जिंकलात की पुढच्या वेळी आणखी वेगाने येतं. दोन मशीन, दोन कॅसेट आणि जोडायची केबल असेल तर दोन माणसांची शर्यतही होते, पण ती केबल आणि दुसरी कॅसेट आज शोधणं अवघड. तीन लाख पॉइंट झाले की एक आख्खा दुसरा गेम उघडतो, जपानमध्ये १९८६ साली डिस्कवर आलेला मारिओचा दुसरा भाग. त्यातल्या आठ वर्ल्ड इथे आहेत, पण मूळ डिस्कवरची नववी आणि ए ते डी या वर्ल्ड वगळल्या आहेत. तो गेम मुळातच निर्दय आहे, त्यात कापलेला पडदा म्हणजे बऱ्याच उड्या अंदाजपंचे. भर म्हणून ठीक, मी तो फारसा सुचवत नाही.

पडद्याच्या उजेडाबद्दल एक सांगायला हवं. गेम बॉय कलरच्या पडद्यामागे दिवा नाही, बाहेरच्या उजेडावर तो दिसतो. सकाळी खिडकीशी बसलात तर छान दिसेल. संध्याकाळी गाडी बोगद्यात शिरली की डब्यातल्या दिव्यांवर काळपट किल्ल्याच्या स्टेज दिसत नाहीत, पॉज करा. वेगात पळताना चित्राची थोडी सावली मागे राहते, तोही त्या पडद्याचाच गुण आहे, कॅसेट खराब नाही. भावाला विचारा की मशीनचा पडदा मूळचा आहे की बदललेला. हल्ली दिवा असलेले नवे पडदे बसवून मिळतात आणि या गेममध्ये त्याचा मोठा फायदा होतो.

आता मुलाचं. त्याला थेट डिलक्सच्या मूळ मोडवर बसवू नका. तुमच्याकडे आठवणीतला नकाशा आहे, कापलेली बाजू तुम्ही मनाने भरता. त्याच्याकडे तो नाही. त्याला न दिसणाऱ्या खड्ड्यात तो पडेल आणि त्याला वाटेल की हा गेम अन्यायी आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी ते खरंही आहे. त्याला पहिला मारिओ मोठ्या पडद्यावर दाखवा, निदान पहिल्या दोन वर्ल्ड. किंवा गेम बॉयवरच सुरू करायचं असेल तर १९८९ चा 'सुपर मारिओ लँड' शोधा. तो पोर्ट नाही, गेम बॉयसाठीच बनवलेला आहे. त्यात मारिओ आणि त्याचं जग मुळातच लहान आखलेलं आहे, म्हणून त्याच पडद्यावर जास्त जग मावतं आणि पुढचं वेळेत दिसतं. उडी आपल्या मारिओपेक्षा वेगळी आहे, तुम्हाला खटकेल, मुलाला खटकणार नाही. तुमची कॅसेट फक्त कलर मशीनवर चालते, जुन्या करड्या गेम बॉयवर नाही. उलट 'लँड' मात्र दोन्हींवर चालतो.

गेम बॉय ॲडव्हान्सवर २००४ साली मूळ मारिओ परत आला, क्लासिक मालिकेत. त्याचा पडदा २४० बाय १६०, म्हणजे रुंदी जवळपास पूर्ण मावते, पण उंची मावत नाही. तिथे त्यांनी दुसरा मार्ग घेतला: चित्र उभ्यात दाबलं. सगळं दिसतं, हातोडेवाले दिसतात, झेंड्याचा खांब दिसतो. मात्र मारिओ बुटका वाटतो आणि बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. पाच मिनिटांत डोळ्याला सवय होते. मुलासाठी हा डिलक्सपेक्षा बरा, कारण चित्र दबलं तरी खड्डा वेळेत दिसतो. पण त्यात चॅलेंज मोड नाही, भुताची शर्यत नाही, जुना गेम जसाच्या तसा. तुम्ही आणि मुलगा मिळून एकच मशीन घेणार असाल तर गेम बॉय ॲडव्हान्स एसपी बघा. त्याच्या पडद्याला दिवा आहे, तुमची डिलक्सची कॅसेट त्यात चालते आणि ॲडव्हान्सच्या कॅसेटही. डिलक्स लावल्यावर खांद्यावरच्या बटणांनी चित्र आडवं ताणता येतं, ते ताणू नका. त्याने एकही जास्तीचा ठोकळा दिसत नाही, फक्त मारिओ जाडा होतो. गेम बॉय मायक्रो आणि डीएस या मशीनवर कलरच्या कॅसेट चालत नाहीत, दुकानदार काहीही म्हणाला तरी. थ्रीडीएस या नंतरच्या मशीनवर डिलक्स २०१४ मध्ये डाउनलोडने आला होता, पण ते ऑनलाइन दुकान मार्च २०२३ पासून खरेदीसाठी बंद आहे.

शेवटी तुमच्या हातातल्या कॅसेटबद्दल, हे आजच तपासा. सेव्ह टिकवण्यासाठी कॅसेटच्या आत एक गोल बटण सेल डाग देऊन बसवलेला असतो, आणि तो पंचवीसेक वर्षं जुना असेल तर संपलेला किंवा संपत आलेला आहे. एक स्टेज खेळा, सेव्ह करा, मशीन बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी सेव्ह गेलेला असेल तर सेल बदलून घ्या. सोल्डरिंग नीट जमणाऱ्या कुठल्याही मोबाईल दुरुस्तीवाल्याला ते काम येतं, मात्र जुना सेल काढला की आधीचे सगळे सेव्ह जातात, म्हणून चॅलेंज मोडमध्ये नाणी गोळा करायला लागण्याआधीच हे उरकून घ्या. कॅसेट सुरू होत नसेल तर लहानपणीसारखी फुंकर मारू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर आधीच ओल धरते, त्यात तोंडाची वाफ नको. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा, सुकू द्या, मग लावा. कॅसेट नकली असेल तर बऱ्याचदा सेव्ह पहिल्या दिवसापासूनच टिकत नाही. नवा सेल घालूनही टिकला नाही, तर भावाला ती परत करायला सांगा.